सपत्नीक सत्कार

संघाचा संगणक भरतेशनी जुन्या चादरीत गुंडाळला, वर गाठ मारली आणि मला म्हणाले, "सुटलीस बाई एकदाची."

मी गॅसपाशी उभी होते. हातात उलथनं होतं. ते मी खाली ठेवलं, कारण त्या क्षणी ते हातात असणं बरं नव्हतं.

"कशातनं सुटले?"

"रोजच्या कटकटीतनं. सोमवारपासून ऑफिस सुरू. फोन माझ्याकडं, गाड्या माझ्याकडं. तू तुझं घर बघ आता निवांत."

तुझं घर म्हणे. जसं काही मी इतके दिवस माहेरी होते. शर्टाला इस्त्री मीच करून दिली होती, तो अंगात घालून हा माणूस शीळ वाजवत खिडकीजवळचं टेबल रिकामं करत होता. त्या टेबलावर दीड वर्ष मी बसले होते. तिथं आता पुन्हा लोणच्याच्या बरण्या ठेवता येतील, असंही ते म्हणाले. तव्यावरची भाकरी करपली. मी ती त्यांनाच वाढली.

आता हे सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

भरतेश मगदूम म्हणजे माझे यजमान, दूध संघात मार्ग विभागाला होते. गावोगावच्या सोसायट्यांत सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन भरून ठेवलेले असतात. ते कुठल्या गाडीनं, कुठल्या रस्त्यानं, कुणाच्या आधी कुणाचे उचलायचे आणि शीतकेंद्रावर पोचवायचे, हे ठरवणारा तो मार्ग विभाग. गाडीला उशीर झाला की दूध नासतं, आणि नुकसान ना ड्रायव्हरचं होतं ना संघाचं. ज्यानं पहाटे उठून म्हैस पिळली त्याचं होतं.

साथ आली तेव्हा दूध काही थांबलं नाही. गाड्या चालूच राहिल्या, फक्त ऑफिसातल्या लोकांना घरी पाठवलं. भरतेशना साखर आहे. डॉक्टरांनी असं काही घाबरवलं की बाकीचे हळूहळू ऑफिसात परतले तरी हे घरीच राहिले. संगणक घरी आला, फोन घरी आला, आणि आमच्या जयसिंगपूरच्या दोन खोल्यांत दिवसभर आरडाओरडा सुरू झाला. फोनवर समोरचा माणूस दिसत नाही म्हटल्यावर यांचा आवाजच खाली येईना. ड्रायव्हरवर ओरडायचे, सोसायटीच्या सेक्रेटरीवर ओरडायचे. आठवड्याभरात निम्मे ड्रायव्हर यांचा फोन उचलेनासे झाले.

एका सकाळी हे आंघोळीला गेले होते आणि फोन वाजायचा थांबेना, म्हणून मी उचलला. दस्तगीर होता. वारणेकाठची गाडी चालवायचा तो. गावकऱ्यांनी वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकून रस्ता बंद केलेला, बाहेरच्या माणसाला आत सोडत नव्हते. चाळीसेक कॅन आत आणि तो बाहेर. त्याला म्हटलं, तिथंच थांब. त्या गावच्या सेक्रेटरीची बायको माझ्या बहिणीच्या जावेची मैत्रीण, तिला फोन लावला. तिनं चार पोरं गोळा करून बैलगाडीतनं कॅन वेशीपर्यंत आणवले. दूध वेळेत पोचलं. भरतेश टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले, कोण होतं विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस," आणि पोहे खायला बसले.

माझी नेमणूक झाली ती अशी.

महिन्याभरात ड्रायव्हर थेट माझ्या नंबरावर फोन करायला लागले. "वैनी, डिझेल संपलंय." "वैनी, तिथला सेक्रेटरी पॉझिटिव्ह निघाला, कॅन कोण भरणार?" मी कुठली गाडी कुठं वळवायची ते सांगायचे, संगणकावर भरायचे, संध्याकाळी सगळ्या गाड्या पोचल्याची खात्री करून मगच उठायचे. भरतेश कॉटवर आडवे होऊन बातम्या बघायचे. ऑनलाइन मीटिंग असली की मात्र शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसायचे. मी शेजारी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी, जमिनीवर. मी हळू सांगायचे, तेच ते मोठ्यानं बोलायचे. साहेब म्हणायचे, "वा मगदूम, तुमचा अभ्यास दांडगा आहे."

तेव्हा मला राग आला नाही, खोटं कशाला बोलू? मला गंमत वाटायची. बी. कॉम. होऊन लग्न केलं, शिकवण्या घेतल्या, पापड लाटले, भिशीचे हिशेब ठेवले, पण सकाळी डोळे उघडल्या उघडल्या ज्याच्याकडं धाव घ्यावीशी वाटेल असं काम मला पहिल्यांदाच सापडलं होतं. अठ्ठावीस गाड्या माझ्या शब्दावर हलत होत्या. दुपारी मी झोपत नव्हते, टीव्ही बघत नव्हते, कुणाच्या उखाळ्यापाखाळ्या ऐकायला मला वेळ नव्हता. मी खूश होते.

मग दुसऱ्या पावसाळ्यात महापूर आला. पूल पाण्याखाली, रस्ते पाण्याखाली, काही गावांची बेटं झालेली. ते दिवस मी खुर्चीतच काढले. कुठनं बोट मिळतेय, कुठला मळ्यातला रस्ता ट्रॅक्टरला चालतोय, कुणाच्या लग्नाच्या हॉलमध्ये कॅन ठेवता येतील, सगळं फोनवर. भरतेशनी मला चहा करून दिला, हेही सांगायला हवं. दोनदा दिला. संघाचं दूध जितकं वाचायला हवं होतं त्याच्यापेक्षा जास्त वाचलं, आणि पाणी ओसरल्यावर चेअरमनसाहेबांनी ऑनलाइन मीटिंगमध्ये भरतेशचं नाव घेऊन टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून त्या ऐकल्या. तेव्हाही यांच्याकडं बघितलं मी. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

दिवाळी झाली, ऑफिस पूर्ण सुरू झालं, हे चादरीत संगणक बांधून गेले आणि मी 'सुटले'.

कसली सुटते? पहिल्याच दिवशी दहा वाजता यांचा फोन. जिन्याखाली जाऊन दबक्या आवाजात बोलत होते. "त्रिशला, पूर्वेकडच्या गाडीला दुसऱ्या खेपेला आधी कुठं पाठवायचीस?" मी सांगितलं. अकराला परत. बाराला परत. तिकडं ड्रायव्हरही मलाच फोन करत राहिले, कारण ऑफिसच्या फोनवर साहेब ओरडतात. म्हणजे काम तेच, फक्त टेबल गेलं, संगणक गेला, आणि मी एका हातानं भांडी घासत दुसऱ्या हातानं गाड्या लावायला लागले. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या पंधरा दिवसांत कळलं.

एका रविवारी मी त्यांना समोर बसवलं. मार्ग विभागाला सहायकाची एक जागा मंजूर झाली होती, हे मला दस्तगीरकडनं कळलं होतं. घरात नाही कळलं, ड्रायव्हरकडनं कळलं. मी म्हटलं, ती जागा मला हवी. रीतसर अर्ज करते, रीतसर मुलाखत देते. तुम्ही फक्त खरं सांगा की हे काम मी केलंय.

ते उठून दार लावून आले. मग म्हणाले की लोक काय म्हणतील, नवऱ्याच्या हाताखाली बायको. मी म्हटलं, हाताखाली का, वर द्या. त्यांना ते आवडलं नाही. मग म्हणाले, आत्ताच बढतीची फाइल वर गेलीय, मार्गप्रमुख व्हायची वेळ आलीय, अशात हे कसं काढायचं. मी म्हटलं, काढायला काय झालंय? खरं तर बोलायचंय.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. महापुरातल्या कामाबद्दल संघ त्यांचा जाहीर सत्कार करणार होता. सपत्नीक. आमच्याकडं अशा वेळी नवऱ्याला शाल-श्रीफळ देतात आणि बायकोला बोलावून तिची ओटी भरतात. भरतेश म्हणाले, "त्या स्टेजवरच सांगतो. माइकवर. सगळ्यांसमोर बोललं की चेअरमनसाहेबांना नाही म्हणता येणार नाही."

"नक्की?"

"तुझी शपथ."

मी विश्वास ठेवला. कपाटातली मोरपंखी साडी काढली, ती शेजारणीकडनं इस्त्री करून घेतली, कारण घरच्या इस्त्रीला तिची घडी बसत नाही. मनात म्हणत होते, उद्यापासून डब्यात दोन पोळ्या जास्त, दोघांनी बरोबर निघायचं.

सत्कार दुपारी चारला, संघाच्या हॉलमध्ये होता. पहिल्या रांगेत मला बसवलं. चेअरमन धैर्यशीलराव बोलायला उभे राहिले. महापुराच्या दिवसांत मगदूमांनी डोळ्याला डोळा लावला नाही, म्हणाले. मगदूमांनी बोट शोधली. मगदूमांनी लग्नाच्या हॉलमध्ये कॅन ठेवायची युक्ती काढली. एकेक गोष्ट ते सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढं ती माझ्या टेबलावर घडत होती. शेजारी बसलेल्या बाई मला म्हणाल्या, "किती नशीबवान हो तुम्ही." मी मूग गिळून बसले. आता हे बोलतीलच की, या एका आशेवर.

मग भरतेश उठले. खांद्यावर शाल, हातात नारळ. चेअरमनसाहेबांचे आभार, संचालकांचे आभार, ड्रायव्हर बंधूंचे आभार. मी खुर्चीच्या कडेला सरकले.

"आणि शेवटी," ते म्हणाले, "माझ्या सौभाग्यवतीचेही आभार मानतो. त्या काळात तिनं मला वेळेवर चहा दिला, जेवण दिलं, आणि कधीही तक्रार केली नाही."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. ते माइकपासून बाजूला झाले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहा! त्या पुरात मला दोन कप चहा मिळाला होता आणि तोसुद्धा या माणसानं आपल्या नावावरून माझ्या नावावर टाकला होता. उठून निघून जावं असं वाटत होतं, तेवढ्यात माइकवरून माझं नाव पुकारलं. सौभाग्यवती मगदूम यांनी स्टेजवर यावं. नाव म्हणजे एवढंच. त्रिशला कुणी म्हटलं नाही. मी गेले. सगळा हॉल बघत असताना दुसरं काय करणार?

चेअरमनसाहेबांच्या पत्नींनी मला कुंकू लावलं आणि ओटीत तांदूळ घालायला लागल्या, तोच माझा फोन वाजला. पदरात ओटी तशीच धरून मी कमरेचा फोन काढला. दस्तगीर. या वेळी त्याचा फोन येणं म्हणजे काहीतरी झालेलं असणार.

"वैनी, उसाची ट्रॉली उलटलीय रस्त्यावर. पुढं जाता येत नाही. तीन गावं राहिल्यात."

शेजारीच उभ्या असलेल्या चेअरमनसाहेबांच्या हातातला माइक चालू होता. फोनचा आवाज मोठा, तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. मी भरतेशकडं बघितलं. फोन त्यांच्या पुढं केला. मार्गप्रमुख होणार होते ना. त्यांनी फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि मान किंचित हलवली. तूच बोल, अशी.

पलीकडं तीन गावांचं दूध कॅनमध्ये होतं. त्यात माझ्या रागाचा काही संबंध नव्हता.

"दस्तगीरभाऊ, तू आहेस तिथनं मागं फिर. कॅनॉलच्या कडेनं जाऊ नको, तिथं तुझी गाडी रुतेल. देवळामागच्या रस्त्यानं पहिलं गाव गाठ आणि तेवढं घेऊन शीतकेंद्राकडं सूट. पुढची दोन गावं मी संभाजीच्या गाडीला सांगते, तो पलीकडच्या अंगानं येतोय आणि त्याच्याकडं जागा आहे. दोन्ही सेक्रेटरींना सांग, कॅन उन्हातनं काढून हौदात उभे करा."

मग मी संभाजीला फोन केला. मग शीतकेंद्रावर केला आणि सांगितलं की गाड्यांचा क्रम आज उलटा येईल. ओटीतले तांदूळ थोडे सांडले. मी फोन कमरेला खोचला.

आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. दोनशे माणसांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

धैर्यशीलराव मोठ्यानं हसले. माइक तोंडाशी धरला. "वा मगदूम! बायकोलासुद्धा काय तयार केलंय तुम्ही. याला म्हणतात मार्गप्रमुख."

हॉलमध्ये अशा टाळ्या पडल्या की सत्कारालाही पडल्या नव्हत्या. मी भरतेशकडं बघत राहिले. अजूनही वेळ होती. एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी शाल सावरली, हात जोडले, आणि चेअरमनसाहेबांपुढं वाकून म्हणाले, "सगळा आपलाच आशीर्वाद, साहेब."

मी तिथं बोलले नाही. मला पुष्कळांनी पुढं विचारलं की का नाही बोललीस, माइक तर समोर होता. बोलायला तोंड होतं माझ्याकडं, चांगलं धारदार आहे ते. पण भर सभेत नवऱ्याच्या अंगावरची शाल ओढून घ्यायला माझा हात धजला नाही. आणि ती शाल मला नकोच होती. मला ती खुर्ची हवी होती, आणि ती त्यांनी आपणहून माझ्याकडं सरकवायला हवी होती.

घरी आल्यावर साडीसुद्धा बदलली नाही. संभाजीची गाडी पोचली का विचारलं, पोचली होती. दस्तगीरची पोचली का विचारलं, पोचली होती. शेवटचा कॅन उतरल्याचं शीतकेंद्रावरनं कळलं, आणि मग मी एकेका ड्रायव्हरला फोन लावायला सुरुवात केली. सगळ्यांना एकच सांगितलं. उद्यापासून या नंबरावर फोन करायचा नाही. गाडीचं काहीही असलं तरी ऑफिसला करायचा, साहेबांना करायचा. दस्तगीर म्हणाला, "वैनी, आमचं काय चुकलं?" मी म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही.

भरतेश दारात उभे राहून ऐकत होते. शाल अजून खांद्यावर होती. माझे फोन संपत आले तसा त्यांचा चेहरा उतरला.

"त्रिशला, उद्या सकाळी मी काय करू?"

"मला तयार केलंत ना? तसं दुसरं कुणाला तरी करा."

"असं काय करतेस? बोलायचंच होतं मला, पण समोर सगळे संचालक. दीड वर्ष काम बायकोनं केलं म्हटल्यावर ते काय म्हणाले असते? मी बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती."

"आणि तुम्ही बोलला नाहीत म्हणून माझी गेली."

त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, जसं एखादं गणित सुटत नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझी कुठली नोकरी?"

चिडून विचारलं असतं, टोमणा मारला असता, तर मी भांडले असते आणि ते तिथंच मिटलं असतं. पण तसं नव्हतं. त्यांना खरंच कळलं नव्हतं. एवढे दिवस एका खोलीत बसून या माणसाला मी दिसलेच नव्हते. त्या प्रश्नानं जितकी चीड आली तितकी ना त्या टाळ्यांनी आली, ना चेअरमनच्या हसण्यानं. आज इतक्या वर्षांनीही तो प्रश्न आठवला की माझ्या हातातलं काम थांबतं.

पुढच्या महिन्यात मी इचलकरंजीकडच्या एका खाजगी डेअरीत अर्ज टाकला. भरतेशना विचारलं नाही, सांगितलं. मुलाखत घ्यायला डेअरीचे मालक स्वतः बसले होते. अर्जात अनुभवाच्या रकान्यात मी दूध संघ, मार्ग विभाग असं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा वर केला.

"संघात? मार्ग विभागाला? पण महापुराच्या साली तिथं कोण ते... मगदूम होते ना? फार ऐकलंय त्यांच्या कामाबद्दल."

"बरोबर ऐकलंय तुम्ही," मी म्हणाले. "मी त्रिशला मगदूम. तेव्हा मी घरून काम करत होते."